समुद्रानं आखलेला चौक

राजधानीच्या शहराला एक चौक लागतो. चार रस्ते मिळतात तो नव्हे, अख्खं शहर जिथे जमतं तो. प्रजासत्ताक दिनाचं संचलन तिथे, सरकारविरोधी घोषणा तिथे, लाडक्या नेत्याचा अखेरचा निरोप तिथे आणि रविवारी पोरांना घेऊन चटकमटक खाणंही तिथेच. मुंबईकराला विचारा, तो शिवाजी पार्कचं नाव घेईल. दिल्लीवाला इंडिया गेटकडे बोट दाखवील. या जागांमागे कुणाची तरी पट्टी-पेन्सिल आहे. कुणीतरी कागद पसरला, रेघा मारल्या, ‘इथे मोकळं ठेवा’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्या झाल्या.

आता तमिळनाडूच्या राजधानीचा नकाशा उघडा आणि तसा चौक शोधा. जॉर्ज टाउनच्या गल्ल्या धुंडाळा, माउंट रोड पालथा घाला. हाती काही लागणार नाही. कारण चेन्नईचा चौक शहराच्या मध्यावर नाहीच. शहर जिथे संपतं तिथे तो आहे. उत्तरेला कूवम नदीचं मुख, दक्षिणेला दीपगृह आणि त्याच्यापुढच्या मच्छीमार वस्त्या, आणि या सगळ्याला धरून सुमारे सहा किलोमीटर वाळू. रुंदी सरासरी तीनशे मीटर, कुठे कुठे चारशेच्याही वर. नाव मरीना.

आणि आता अचाट गोष्ट ऐका. दीडशे वर्षांपूर्वी ही जागा जवळजवळ नव्हतीच! आज जिथे घोडे फिरतात, पोरं क्रिकेट खेळतात, तिथल्या बऱ्याचशा भागात तेव्हा लाटा होत्या. ही जमीन कुणी भराव टाकून केलेली नाही. कुणा नगररचनाकारानं ती मागितलीही नव्हती. माणसानं भलत्याच कामासाठी समुद्रात भिंती घातल्या आणि समुद्रानं उत्तरादाखल हा चौक आणून टाकला.

हे घडलं कसं? त्यासाठी आधी एक विचित्र प्रश्न विचारावा लागतो. जिथे बंदर होऊच शकत नाही, तिथे बंदराचं शहर कुणी का वसवावं?

१६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे यानं नेमकं तेच केलं. त्याला कापड हवं होतं आणि या भागात ते उत्तम आणि स्वस्त मिळत होतं. जहाजांची सोय हा पुढचा प्रश्न. आपल्या कोकणात थोडं थोडं चाललं की एखादी खाडी आत शिरलेली दिसते. मुंबईला तर निसर्गानंच बंदर दिलं. कोरोमंडलचा हा किनारा मात्र सरळसोट. ना खाडी, ना आडोसा, ना एखादं बेट. जहाजांना किनाऱ्याला लागणंच अशक्य. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, गाठोडी, घोडे, सोन्याच्या पेट्या सगळं काही छोट्या होड्यांतून फुटत्या लाटांमधून किनाऱ्यावर यायचं.

या होड्यांपाशी क्षणभर थांबायलाच हवं. त्यांना म्हणायचे मसुला. लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या, खिळा एकही नाही. शिवलेली होडी? समुद्रात? पण विचार करा. खिळ्यांनी घट्ट जोडलेला सांगाडा लाटेनं वाळूवर आपटला की सांधे निखळतात. शिवलेला सांगाडा लवतो, दबतो आणि पुन्हा ताठ होतो. ज्या किनाऱ्यावर युरोपातल्या बोटी फुटत, तिथे ही शिवणकामाची होडी रोज ये-जा करी. मद्रासचा दोनशेहून अधिक वर्षांचा सगळा व्यापार, येणारे-जाणारे गव्हर्नर, त्यांच्या बायका आणि पियानो, सगळे या टाक्यांच्या भरवशावर किनाऱ्याला लागले.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, आगगाडी आली आणि मद्रासच्या व्यापाऱ्यांचा धीर सुटला. आधी समुद्रात लोखंडी खांबांचा लांब धक्का उभारून पाहिला. वादळांनी त्याचे लचके तोडले. मग विल्यम पार्क्स या अभियंत्याची योजना पुढे आली. किनाऱ्यापासून दगडी बांधाचे दोन हात समुद्रात काढायचे, ते पुढे जाऊन एकमेकांकडे वळवायचे, समोर पूर्वेला दार ठेवायचं आणि आत शांत पाणी कोंडून घ्यायचं. निसर्गानं बंदर दिलं नाही ना? मग आम्ही ते उघड्या समुद्रात बांधतो! डिसेंबर १८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली.

सहा वर्षांत हे दोन्ही हात जवळपास पुरे झाले. आणि नोव्हेंबर १८८१मध्ये चक्रीवादळ आलं. अजस्र ठोकळ्यांची भिंत लाटांनी कित्येक ठिकाणी लोळवली, ती बांधणारी प्रचंड यंत्रंही समुद्रानं गिळली. सगळं पुन्हा बांधायला पुढची बरीच वर्षं गेली.

वादळ सगळ्यांना दिसलं. पण त्याच वेळी भिंतीच्या दक्षिणेला एक दुसरी गोष्ट चालू झाली होती. तिचा आवाज नव्हता, घाई नव्हती. तिथे वाळू साठत होती.

ही वाळू आली कुठून? आपल्याला वाटतं, किनाऱ्यावरची वाळू जागच्या जागी असते. लाट येते, भिजवते, जाते. प्रत्यक्षात किनारा चालत असतो! लाट क्वचितच किनाऱ्याला सरळ भिडते. ती बहुधा तिरकी येते आणि वाळूच्या कणाला तिरकंच वर ढकलते. परतताना पाणी मात्र उताराला धरून सरळ खाली उतरतं. म्हणजे कण वर गेला एका वाटेनं आणि खाली आला दुसऱ्या वाटेनं; जाता येता थोडासा बाजूला सरकला. पुढची लाट त्याला आणखी थोडा सरकवते. मिनिटाला सहा लाटा धरल्या तरी वर्षात तीस लाखांहून अधिक लाटा होतात. एवढ्या ढकलांत एक कण कुठल्या कुठे जाईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

चेन्नईच्या किनाऱ्यावर या चालीला दिशाही आहे. वर्षातले आठेक महिने लाटा दक्षिणेच्या अंगानं येतात आणि वाळू उत्तरेकडे नेतात. ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की तीन-चार महिने हाच कारभार उलटा चालतो, वाळू थोडी दक्षिणेला परतते. पण जाणं जास्त, येणं कमी. नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली वाळू अशी दर वर्षी लाखो घनमीटरांच्या हिशेबानं उत्तरेकडे निघालेली असते. माणसाला ती दिसत नाही, कारण गेली तेवढीच मागून येत असते.

शेतात पाटानं पाणी चाललेलं असतं. त्या पाटात कुणी आडवी फळी घातली तर काय होतं? फळीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, फुगतं, पसरतं. खालच्या अंगाचे वाफे सुकायला लागतात. मद्रासच्या बंदराचा दक्षिणेकडचा हात म्हणजे वाळूच्या पाटात घातलेली अशी फळी होती. दक्षिणेकडून चालत आलेली वाळू भिंतीशी अडली. मागून आलेली तिच्यामागे थांबली. वर्षामागून वर्ष थांबत राहिली आणि समुद्र मागे मागे हटत गेला. (खालच्या अंगाचं काय झालं? तिकडे येतोच आहोत.)

समुद्र किती हटला, हे डोळ्यांनी मोजायचं असेल तर मरीनाच्या रस्त्यावरची एक गोल घाटाची इमारत पाहा. तिचं जुनं नाव आइस हाउस. १८४२ साली ती बांधली गेली ती बर्फ ठेवायला, आणि हा बर्फ यायचा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांमधून! तिथे लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात गुंडाळायच्या, शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करून मद्रासला आणायच्या. असा माल उतरवल्यावर उन्हात फार लांब वाहून नेणं परवडणार आहे का? म्हणून ही इमारत समुद्राजवळ बांधलेली. १८९७ साली पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद याच वास्तूत राहिले. आज ती विवेकानंद हाउस म्हणून ओळखली जाते. तिच्या समोर उभे राहा. समुद्र दिसेल, पण त्याला हात लावायचा तर वाळूतून बरीच पायपीट करावी लागेल.

वाळू बंदराच्या पूर्वेकडच्या दारातही शिरू लागली, तेव्हा मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी दार पूर्वेकडून बंद केलं आणि ईशान्येला उघडलं. वाळूच्या चालीचा त्यांनी नेटानं अभ्यास केला आणि त्यावर इंग्लंडच्या अभियंत्यांपुढे निबंधही ठेवला. आणि याच स्प्रिंगसाहेबांच्या कचेरीत १९१२ साली महिना तीस रुपयांवर एक कारकून रुजू झाला: श्रीनिवास रामानुजन! साहेब वाळूचे ढीग मोजत होते, आणि त्यांच्याच कचेरीतला कारकून अनंत श्रेणींची बेरीज मांडत होता. रामानुजननी इंग्लंडमधल्या गणिती हार्डींना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, ते या नोकरीत असतानाच. त्यांना पुढे जायला वाट करून देणाऱ्यांमध्ये स्प्रिंग होते.

बरं, वाळू साठली. पण वाळू साठली म्हणजे चौक झाला असं नाही. त्यासाठी कुणीतरी तिच्याकडे पाहून ‘इथे लोकांनी फिरावं’ असं म्हणावं लागतं. तसं म्हणणारा माणूस नोव्हेंबर १८८१मध्ये, त्या वादळाच्या सुमारासच, मद्रासचा गव्हर्नर म्हणून आला. १८८४ साली त्यानं किनाऱ्यालगत फिरण्याचा लांबलचक रस्ता करून घेतला आणि सिसिलीतल्या आठवणींवरून त्याला मरीना हे नाव दिलं.

त्याचं नाव मराठी वाचकानं जरा सावकाश वाचावं: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ.

एल्फिन्स्टन? ग्रँट डफ? होय, तेच! १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसलेला, दप्तरं चाळून १८२६ साली मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापणारा कॅप्टन जेम्स ग्रँट डफ, त्याचा हा मुलगा. बापाचं पुस्तक मराठीत ‘मराठ्यांची बखर’ म्हणून आलं आणि त्यातल्या चुका काढत नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांसारख्या तरुणांनी पुढे आपल्या इतिहाससंशोधनाची वाट पाडली. बापाचा वरिष्ठ होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर. त्याच्यावरच्या भक्तीपोटी बापानं पोराचं नावच ते ठेवलं. साताऱ्याच्या दप्तरातून निघालेला हा धागा मद्रासच्या वाळूत जाऊन पोहोचतो, हे कुणाला स्वप्नात तरी सुचलं असतं का?

आता या चौकाची रचना पाहा. जगातले बहुतेक चौक चारी बाजूंनी इमारतींनी बांधलेले असतात. मरीनाला एकच भिंत आहे, पश्चिमेची. तिथे एका रांगेत उभी आहेत चेपॉकचा राजवाडा, मद्रास विद्यापीठाचं सिनेट हाउस, प्रेसिडेन्सी कॉलेज, आइस हाउस, १९१४ साली सुरू झालेलं क्वीन मेरीज कॉलेज. चेपॉक राजवाडा अठराव्या शतकातला, अर्काटच्या नवाबाचा. त्याच्या शेजारी रॉबर्ट चिझम या वास्तुकारानं १८७०च्या दशकात सिनेट हाउस उभारलं, तेव्हा शेजाऱ्याचा मान राखत त्यानं घुमट, कमानी, रंगीत काचा असा मिश्र थाट केला. त्यांच्यासमोर रस्ता, आजचा कामराजर सालै. मग फिरण्याची पायवाट, पुतळे, हिरवळीचा पट्टा. मग वाळू. मग पाणी. पुढे काहीच नाही! चौथी, तिसरी, दुसरी बाजू क्षितिजावर सोडून दिलेली.

आणि दिशा? अरबी समुद्राच्या काठी वाढलेल्या आपल्या डोळ्यांना इथे सगळं उलटं दिसतं. गिरगाव चौपाटीवर आपण सूर्य बुडताना पाहतो. मरीनावर तो समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी शहराच्या मागे बुडतो. याचा फायदा लक्षात घ्या. दिवस कलला की इमारतींच्या, झाडांच्या सावल्या वाळूच्या दिशेनं लांबतात; समुद्राकडे तोंड करून बसलेल्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. त्यात भर समुद्रवाऱ्याची. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि रिकाम्या जागेत समुद्रावरची गार हवा धावत येते. चेन्नईचा माणूस मे महिन्यात या वाऱ्याची वाट बघत असतो. तो दुपारी लवकर आला तर दिवस सुसह्य. त्याला उशीर झाला की पारा चाळिशी ओलांडतो. पंखा घरोघरी नव्हता त्या काळात संध्याकाळी अख्खं शहर पूर्वेकडे का चालू लागत असेल, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि माणसं जमली की कुणीतरी बोलायला उभं राहतंच. सभागृहाला भाडं लागतं, मालक लागतो, आणि मालकाला सरकारची भीती असते. वाळूला दार नाही की कुलूप नाही. १९०७ साली बिपिनचंद्र पालांनी इथे व्याख्यानं दिली, तेव्हा तरुण मद्रास पेटून उठलं. शेजारच्या तिरुवल्लिकेणीत राहणारे कवी सुब्रमण्य भारती याच वाळूवर स्वदेशीच्या सभा घेत. भारती टिळकांचे कट्टर अनुयायी. १९०७च्या सुरत काँग्रेसला ते चिदंबरम पिळ्ळै यांच्यासोबत टिळकांच्या बाजूनं गेले होते. आणि या सभा जिथे भरत, त्या वाळूच्या तुकड्याला लोकांनी नाव दिलं ‘तिलकर तिडल’. टिळक मैदान! म्हणजे पाहा, मराठ्यांच्या ब्रिटिश इतिहासकाराचा मुलगा साहेबी फेरफटक्यासाठी रस्ता बांधतो आणि पंचवीसेक वर्षांत त्याच वाळूवर साहेबाला हाकलण्याच्या सभा भरतात, त्याही पुण्याच्या लोकमान्यांच्या नावानं.

गांधीजी इथे मार्च १९१९मध्ये रौलट कायद्याविरुद्ध बोलले. देशभर हरताळ पाळायची कल्पना त्यांना सुचली ती याच मुक्कामात, मद्रासमध्येच. १ मे १९२३ रोजी कामगार नेते सिंगारवेलर यांनी भारतातला पहिला मे दिन साजरा केला, त्याच्या दोन सभांपैकी एक याच वाळूवर. १९५९ साली प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी तिथे श्रमाच्या विजयाचं शिल्प उभं राहिलं: चार मजूर एक प्रचंड दगड ढकलताहेत, अंगातली शीर न्‌ शीर ताणलेली. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी, मद्रासच्या कला विद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य. मरीनावरचे चालते गांधीही त्यांचेच.

१९६८ साली जागतिक तमिळ परिषद भरली आणि मरीनावर एकदम दहा पुतळे उभे राहिले. कुणाचे? राजा एकही नाही. सेनापती नाही. तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, कंबर, भारती, भारतीदासन असे कवी. जहाज कंपनी काढून इंग्रजांना आव्हान देणारे चिदंबरम पिळ्ळै. तमिळसाठी आयुष्य वेचलेले तीन परदेशी मिशनरी: इटलीचे बेस्की, आणि इंग्रजी राज्यात आलेले पोप व काल्डवेल. आणि दहावी कण्णगी, महाकाव्यातली नायिका! भर राजसभेत पायातलं पैंजण फोडून राजाचा अन्याय सिद्ध करणारी स्त्री राजधानीच्या मुख्य रस्त्यावर उभी. डिसेंबर २००१मध्ये तिचा पुतळा तिथून हलला तेव्हा गहजब झाला आणि २००६ साली सरकार बदलताच तो परत आला.

त्या तमिळ परिषदेच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६९मध्ये, मुख्यमंत्री अण्णादुराई गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीची नोंद गिनीज बुकात गेली, आणि त्यांना मरीनाच्या उत्तर टोकाला वाळूतच चिरविश्रांती मिळाली. मग १९८७ साली मुख्यमंत्री एमजीआर आणि २०१६ साली मुख्यमंत्री जयललिता त्यांच्या शेजारी आले. ऑगस्ट २०१८मध्ये माजी मुख्यमंत्री करुणानिधी गेले तेव्हा सरकारनं मरीनावर जागा नाकारली. प्रकरण रातोरात मद्रास उच्च न्यायालयात गेलं, रात्री सुनावणी झाली, सकाळी निकाल आला आणि संध्याकाळी करुणानिधी आपल्या गुरूजवळ, अण्णांजवळ पोहोचले. चार पावलांच्या वाळूसाठी न्यायालय रात्री बसतं, याहून एखाद्या जागेचं वजन काय सांगावं?

जानेवारी २०१७मध्ये या चौकानं आपली ताकद पुन्हा दाखवली. जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरची बंदी उठवा म्हणून काही तरुण मरीनावर बसले. मोबाइलवरून निरोप फिरले, गर्दी हजारांवरून लाखांवर गेली, रात्री हजारो मोबाइलचे दिवे वाळूवर लखलखले. आठवडाभरात राज्याला कायदा बदलावा लागला. शेवटच्या दिवशी पोलिसांनी वाळू रिकामी केली, तेव्हा शहरात हिंसाही झाली. त्यानंतर मरीनावर आंदोलनाला परवानगी मिळत नाही. चौक कुणाचा, हा प्रश्न समुद्रानं जमीन दिली त्या दिवसापासून आहे. इथले मच्छीमार तर ग्रँट डफच्या आधीचे. १९८५ साली मरीना सुशोभित करण्यासाठी त्यांच्या होड्या आणि झोपड्या हटवायला निघालेल्या सरकारशी ते झगडले, गोळीबारात माणसं गेली. पण नडुकुप्पम, अयोध्याकुप्पम, नोच्चिकुप्पम आजही तिथेच आहेत.

आता पाटाच्या खालच्या अंगाकडे येऊ. दक्षिणेला वाळू अडली, म्हणजे उत्तरेला पोहोचली नाही. पण उत्तरेच्या लाटा काही थांबल्या नव्हत्या. त्या तिथली वाळू पुढे नेत राहिल्या आणि मागून भर येईना. रायपुरम, तोंडियारपेट, तिरुवोट्टियूर इथला किनारा खचत गेला. घरं गेली, रस्ते गेले, मच्छीमारांना होड्या ओढायला वाळू उरली नाही. आज तिकडे समुद्राकाठी काळ्या दगडांचे ढीगच्या ढीग रचलेले दिसतात, उरलेली जमीन राखायला. दक्षिण चेन्नईला फिरायला मिळालेली वाळू हे एका अर्थी उत्तर चेन्नईचं देणं आहे. एकच भिंत, एकच समुद्र. एका वस्तीला चौक मिळाला, दुसरीचं अंगण गेलं.

आणि समुद्र दिलेलं कधीच विसरत नाही. २६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. फिरायला आलेली, खेळायला आलेली माणसं मरीनावर होती, तेव्हा त्सुनामीचं पाणी ही सगळी रुंदी ओलांडून रस्त्यापर्यंत आलं. एरवीही इथला तळ पाण्यात शिरताच झपकन खोल होतो आणि ओढ जबर असते. म्हणून एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर पोहायला मात्र मनाई आहे. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस व्हीलचेअरवरच्या माणसांना लाटांपर्यंत जाता यावं म्हणून अडीचशे मीटरहून लांब लाकडी वाट बांधली. कधीच समुद्र न पाहिलेले कित्येक जण तिच्यावरून पाण्यापाशी गेले. दोनच आठवड्यांत मंदूस चक्रीवादळानं ती मोडली. मग ती दुरुस्त करून पुन्हा उघडली. बंदराच्या भिंतीपासून चालत आलेला हा शिरस्ता आहे: माणसानं बांधायचं, समुद्रानं तपासायचं.

भिंती घालणं मात्र थांबलेलं नाही. चेन्नईच्या उत्तरेला एण्णूरचं बंदर झालं, त्याच्या पलीकडे काट्टुपळ्ळीचं झालं, आणि दर नव्या भिंतीबरोबर कुठे वाळू साठते, कुठे किनारा खचतो, याचा नवा पाढा सुरू होतो. आपल्याकडे डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाली. समुद्रात दहा किलोमीटरहून लांब भिंत आणि हजारभर हेक्टरहून अधिक भराव असा तो बेत आहे. तिथला समुद्र निराळा, लाटा निराळ्या, भरती-ओहोटी कितीतरी मोठी. मरीनाचं गणित तिथे जसंच्या तसं लागू पडणार नाही. पण १८७५ साली मद्रासमध्ये सगळ्यांची नजर जहाजांवर होती आणि पायाखालची वाळू कुठे निघाली आहे, हे विचारायचं राहून गेलं. त्या विसरण्यातून एका शहराला देशातला सर्वांत मोकळा चौक मिळाला, आणि त्याची किंमत त्याच शहराच्या दुसऱ्या टोकानं मोजली. हा प्रश्न आता विसरण्याचं कारण आपल्याकडे उरलेलं नाही: स्प्रिंगसाहेबांनी त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मोजून ठेवलं आहे.